टपाल्याचं अठ्ठावन्न पानी मॅन्युअल

२ मार्च, सकाळी ७.१०
या दोन हातांनी आजवर केलेलं: स्वयंपाकघरातली लांब फळी, लेकीचं अभ्यासाचं टेबल, टाकी भरली की वाजणारा भोंगा आणि टपाल्या. टपाल्या म्हणजे ईमेल पाठवणारा माझा प्रोग्राम. कॉलेजची पायरी न चढता लिहिला. अकरा वर्षं चालतोय. एकही मेल हरवलेली नाही.

३ मार्च
दवाखान्याच्या मॅनेजर बाईंचा फोन. त्यांचे आठ दवाखाने. माझे सर्वांत मोठे ग्राहक. दोन वर्षांपासून एकमेवही. त्यांच्याकडे आता एआय एजंट आलाय म्हणे. रुग्णांना मेल पाठवायचं काम यापुढे कारकून नाही, तो करणार. त्याला वाचून वापरता येईल असं टपाल्याचं मॅन्युअल वीस तारखेपर्यंत द्या, दोन पानं पुरेत सर, म्हणाल्या. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाची तयार सेवा घेऊ.
अकरा वर्षं, दोन पानांत.
संकल्प: रोज सकाळी सहा ते नऊ लिखाण. दहा तारखेला काम हातावेगळं.

४ मार्च
समास किती सोडायचा ते ठरवलं. सव्वा इंच. बाकी उद्या.

६ मार्च
पहिलं प्रकरण पूर्ण: 'टपाल्याचा जन्म'. नऊ पानं. लेकीला वाचायला दिलं. ती एका कंपनीत मॅन्युअलंच लिहिते, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असं तिला वाटतं. म्हणाली, बाबा, एजंटला तुमच्या लग्नाची तारीख कशाला? मी म्हणालो, टपाल्याची पहिली मेल लग्नाच्या वाढदिवशी गेली, हा संदर्भ आहे. ती म्हणाली, एजंट संदर्भ बघत बसत नाही हो, लिहिलंय ते करून मोकळा होतो.
मग चांगलंच आहे की. असा वाचक मला आजवर मिळाला नव्हता.

९ मार्च
उदाहरणांचं प्रकरण. इतरांच्या मॅन्युअलमध्ये अबक नावाचा माणूस असतो, पत्ता खोटा, मजकूरही खोटा. मला ही लबाडी जमत नाही. मी खरं उदाहरण दिलं. गेल्या वर्षी दवाखान्यांत पाणी शिरलं तेव्हा गेलेली मेल, जशीच्या तशी: 'तुमची उद्याची अपॉइंटमेंट रद्द झाली आहे. कृपया येऊ नये.' कोणाला: सर्व रुग्ण. कोणीही ही कमांड, म्हणजे टपाल्याला द्यायचा हुकूम, उतरवून घ्यावी आणि चालवावी. चालणारच.

१२ मार्च
लेकीशी वाजलं. कमांडमध्ये 'सराव' हा शब्द नसेल तर टपाल्या मेल खरोखरच पाठवतो. हे पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत हवं, असा तिचा हट्ट. मी विचारलं, आत खड्डा आहे अशी पाटी दुकानाच्या दारात कोण लावतं? तिच्या समाधानासाठी घातलं शेवटी. पान सत्तेचाळीस, तळटीप.
बायको कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, अहो, ज्याचा तिला पगार मिळतो ते ती तुम्हाला फुकट सांगतेय, ऐका की. घरात दोघी असल्या की मतदान असंच होतं.

१५ मार्च
पाठ धरली. लिखाण नाही.

१९ मार्च, दुपारी ४
पूर्ण. अठ्ठावन्न पानं. मुदतीच्या एक दिवस आधी. दहा तारीख फक्त शिस्तीसाठी होती. बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: मला वेळ नाही, एजंटलाच देते, तोच तपासेल.
शेवटी एक जण तरी अथपासून इतिपर्यंत वाचणार.

२० मार्च, सकाळी ९.४०
बाईंचा फोन. एजंटला त्यांनी सांगितलं होतं, मॅन्युअल वाच आणि उदाहरणं चालतात का बघ. त्याने बघितलं. चालली. काल संध्याकाळी पावणेसहाला दोन हजार एकशे चाळीस रुग्णांना मेल गेली. एकही हरवली नाही.
आठही दवाखाने रिकामे. डॉक्टर नुसते बसून. एक आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार महिने थांबल्या होत्या. नातवाने मेल वाचून दाखवली, त्या घरीच राहिल्या.
मी बाईंना पान सत्तेचाळीस उघडायला सांगितलं. त्यांनी तळटीप मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, आजींचा नंबर देते, पान सत्तेचाळीस त्यांना तुम्हीच सांगा.

११.१५
चूक एजंटची. घाई केली. माणूस असता तर त्याने मॅन्युअल बाजूला ठेवून मला फोन केला असता. अकरा वर्षं सगळे तेच करत होते.


२१ मार्च
आजींना फोन केला. पान सत्तेचाळीस सांगितलं नाही. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली म्हणाल्या. तोवर जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरते, अकरा आहेत.
बायको जेवायला बोलवायला आली. भूक नाही म्हणालो. पित्त असावं.

२७ मार्च
दवाखान्यांनी माझं काम थांबवल्याची मेल. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोग्राममधून आलेली. दोन ओळी. समास बरोबर नाही.
लेक संध्याकाळी आली. मी म्हटलं, बोल, म्हण की सांगितलं होतं. ती म्हणाली, नाही म्हणणार बाबा. शेजारी बसून राहिली. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, सकाळी १०
मॅन्युअल लिहायला शिकवणाऱ्या एका संस्थेचं पत्र. बाईंकडून त्यांना माझं मॅन्युअल मिळालं. ते संपूर्ण विकत घेऊन दरवर्षी वर्गात वापरायचंय. पत्र उभ्यानेच मोठ्याने वाचलं. बायको म्हणाली, दुसरा परिच्छेद पण वाचा. त्यात होतं: 'काय करू नये' या धड्यासाठी. आपलं नाव सौजन्याने वगळू.

दुपारी १२.३०
संस्थेला फोन केला. धडा कुठला ते तुम्ही ठरवा, म्हटलं, पण शब्द न शब्द माझा आहे, नाव पहिल्या पानावर हवं. तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, सर, तुमच्याच भल्यासाठी वगळतोय. मी म्हटलं, मग नको. बायको दारात उभी होती. म्हणाली, अहो, या महिन्यात तुमच्याकडून घरात तेवढेच पैसे आले असते. मग आत गेली.
नकार लेखी कळवला. देऊ केलेली रक्कम: बारा हजार.