साडूचं अमेरिकन कार्ड

७ ऑक्टोबर १९९४, शुक्रवार
जुनैद आला. माझा साडू. मुक्काम न्यू जर्सी. रत्नागिरीला जाताना पंधरा दिवस बहरीनला आमच्याकडे. माझ्या बायकोने, नाझिशने, सकाळपासून सांदणं, सुरमई, कोळंबी. मी रोज घरी येतो तेव्हा डाळ असते. मला काहीही वाटत नाही. आजपासून त्याच्यावर जळणं बंद.

८ ऑक्टोबर
जुनैदने हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड दाखवलं. जाड प्लास्टिक, सोनेरी अक्षरं. नाझिशने ओढणीला हात पुसून ते हातात घेतलं. माझं आयडी कार्ड तिने धुण्यात टाकलं होतं.

११ ऑक्टोबर
जेवताना जुनैद पोट धरून कळवळला. पित्ताशयात खडे, एप्रिलपासून! मग तिकडेच ऑपरेशन का नाही केलं, विचारलं. म्हणाला, आधी इन्शुरन्सवाल्यांची परवानगी लागते. सर्जन त्यांच्या यादीतला हवा. मिळाला, तर त्याचं नाव यादीतून गेलं. प्रीमियम मात्र दरवर्षी वाढतो. सरकार कायदा बदलणार होतं, तेही बारगळलं. म्हणून गावी निघालो.
फार वाईट वाटलं. दोनदा भात घेतला.

१३ ऑक्टोबर
मनामातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ना यादी, ना परवानगी. काम खलास! कॉटशेजारी बसून त्याला बहरीनचे फायदे सांगितले. टॅक्स नाही, डॉक्टर कंपनीचा, मासळी ताजी. त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, उबेदभाई, तुम्ही नशीबवान. नाझिश आल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

१९ ऑक्टोबर
जुनैदला आमच्या ऑफिसात नेलं. स्टोअरमधला शैलेंद्र हल्ली फार मिरवतो. माझे नातेवाईक कुठे असतात ते त्यालाही कळू दे. जुनैद तिकडे मोठ्या वेअरहाउसला आहे कळताच मॅनेजर उठून उभे राहिले. मला नऊ वर्षांत बस म्हणाले नाहीत. तासभर आत गप्पा. चहा मी सांगितला, आत दोनच कप गेले.
असो. सुपरवायझरची जागा रिकामी आहे. जुनैदने माझ्याबद्दल चार शब्द टाकले असणारच. इंशाल्ला, महिनाभरात केबिन.

२५ नोव्हेंबर
अजून ऑर्डर नाही. मोठ्या पोस्टला वेळ लागतो. नवीन टाय घेतला.

१४ जानेवारी १९९५, शनिवार
जुनैद बायकोला घेऊन कायमचा बहरीनला आला, त्याला आठवडा झाला. सुपरवायझर तोच. हमद टाउनला फ्लॅट, सगळ्या घराचं औषधपाणी कंपनीकडे. म्हणाला, उबेदभाई, तुम्हीच तर डोळे उघडलेत. नाझिश खूश. बहीण जवळ आली.
काल त्याचा फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझी कंबर धरली. आज कंपनीच्या डॉक्टरकडे जायला निघालो, तर शैलेंद्रने अडवलं. आता आधी सुपरवायझरची परवानगी लागते. खर्च फार वाढलाय म्हणे. नियम जुनैदनेच काढलाय.
वाकडा होऊन केबिनबाहेर उभा राहिलो. जुनैदने फार प्रेमाने विचारपूस केली. म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू.