पट्ट्याचं माप

१८ जानेवारी २०२५, शनिवार. अमरावती

आई ८९ किलो. बीपी १५६/९६. पाच-पाच मिनिटं थांबून तीनदा मोजलं, वहीत लिहिलं. व्यायाम ठरवून दिला: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, भिंतीला हात टेकून दंड दहा, गच्चीवर वीस मिनिटं चालायचं. रोज.

सहाव्या वेळी ती खुर्चीतच बसून राहिली. "बाप्पा! मले पैलवान बनवून राहिली का वं, दीक्षा?"

२५ जानेवारी, शनिवार

१५४/९६. आठवडाभर व्यायाम केला म्हणते. मग उतरत का नाही?

डॉक्टरांना वही दाखवली. घरी मोजलेलं जास्त खरं, म्हणाले. गोळी दुप्पट केली. "आकडे नीट लिहिलेत." — मला बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार. अकोला

नोकरीच्या दवाखान्यातली अकरा बीपी-यंत्रं तपासली. पाठ दुखतेय. शनिवार-रविवार बसमध्येच जातात.

आईचा फोन. "उठलं का डोयापुढं अंधारी येऊन राहिली."

म्हटलं, व्यायाम टाळायचे बहाणे नकोत.

८ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती

१२८/८२! व्यायाम लागू पडला. आईला दाखवलं. ती भिंतीला टेकून उभी. "झालं तुह्या मनासारखं?"

दहाच्या पंधरा उठबशा करून घेतल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आई पडली. सकाळी, न्हाणीच्या दारात. शेजारच्या गोदाबाईंनी उचललं. मनगट सुजलंय, मोडलेलं नाही. रजा टाकून आले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बीपी घेताना हवा भरली आणि दंडावरचा पट्टा सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. तेव्हा पट्ट्यावरचं छापलेलं वाचलं — दंडाचा घेर २२ ते ३२ सेंटिमीटर.

आईचा दंड फितीने मोजला. ३७.

जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की आकडा वाढून दिसतो. हे मी शिकवते! दवाखान्यात, नर्सना, दर महिन्याला.

सर्जिकलच्या दुकानातून मोठा पट्टा आणला. बसून १०६/६६. उभी राहिल्यावर ९०/५८. दुप्पट गोळी तिला नकोच होती. ती माझ्या आकड्यांमुळे सुरू झाली. अंधारी खरी होती.

आईला सगळं सांगितलं. तिने फीत गुंडाळून ठेवली. मग — "म्हंजे मी ढोंगी नाही."

उद्या डॉक्टरांना स्वतः सांगायचं. वाक्य ठरवलं आहे: चूक माझी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. लहान पट्टा हातात घेऊन विचारलं, "हा कोण बांधत होतं?"

"मीच," आई म्हणाली. "मले काय समजते त्यातलं? पोरगी तं अकोल्याले रायते."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. काही बोलले नाही.