चंद्री कुठं गेली

सुभद्रे,

चंद्री गोठ्यात दिसली न्हाई तर शेळीचोर शोधत फिरू नको. मीच नेली. ट्रकनं उडवलेलं कुत्रं तू पदरात घालून आणलंस, त्याच्या ऑपरेशनसाठी आपण दारोदार फिरलो. गावानं हळहळ सढळ हातानं दिली, वर्गणी मात्र हात राखून. डॉक्टर म्हणतो, आज ऑपरेशन झालं न्हाई तर कुत्रं हाती लागत न्हाई.

म्हणून बाळापूरच्या बाजारात चंद्रीला विकून तसाच दवाखान्यात जातो. म्हातारी शेळी खाटकाशिवाय कोण घेणार? एकाला वाचवायला दुसरीला धाडायचं, यालाच भूतदया म्हणत असतील.

तू बाटलीनं दूध पाजून वाढवलीस तिला, म्हणून तुला विचारायची हिंमत झाली न्हाई. दावं खुंटीलाच ठेवलंय. माझ्या मागं ती आपणहून येते.

पुंजाजी