उभं राहणाऱ्यांची खुर्ची

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी पाठ, भावजींचा खोकला आणि गच्चीतली तुमची टोमॅटोची रोपं या तिघांनाही आराम पडला असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक. मावशीने तुला फोनवर सांगितलं म्हणे, की मी घरात सिंहासन आणलंय आणि माझं डोकं फिरलंय. सिंहासन नाही, खुर्ची आहे. डोक्याबद्दल तुझ्या भावजयीला विचार, ती हल्ली या विषयावर भरभरून बोलते.

मी गेलो होतो पुस्तकांसाठी एक साधं कपाट बघायला. जुन्या सामानाचा दुकानदार (चष्मा कपाळावर चढवून तोच दुकानभर शोधणारा माणूस) मला मागच्या खोलीत घेऊन गेला, आणि तिथे ती होती. काळपट ओक लाकडाची, माझ्यापेक्षा हातभर उंच, पाठीला टोकदार कमान, कमानीत तीन पाकळ्यांची नक्षी आणि सगळ्यात वर दोन सुळके. दुकानदार म्हणाला, ही गॉथिक, आणि मग तासभर मला हलू दिलं नाही. सात-आठशे वर्षांपूर्वी गवंड्यांनी चर्चना अशा उंच, टोकदार कमानी काढल्या. त्या पाहून सुतारांना चेव आला आणि त्यांनी तीच कमान पेटीवर, पलंगावर, खुर्चीच्या पाठीवर कोरली. पुढच्या पिढ्यांना हे सगळं अडाणी वाटलं. गॉथिक हे नाव म्हणे त्यांनी नाक मुरडून ठेवलेलं, म्हणजे रानटी लोकांचं काम. मग आणखी काही शतकांनी, दीडदोनशे वर्षांपूर्वी, लोकांना पुन्हा त्याचंच वेड लागलं आणि जेवणघरातली कपाटंसुद्धा चर्चसारखी दिसायला लागली. आपली खुर्ची त्या दुसऱ्या वेडातली. (तिसरं वेड माझं, असं तुझी भावजय म्हणते.) मला विचारशील तर तिचा रुबाब एवढ्यातच आहे, की ती कुणाची मनधरणी करत नाही. आपला सोफा बघ, बसणाऱ्याला पोटात घेतो. ही सांगते, ताठ बस, नाहीतर नको बसूस.

घरी आणताना नाकी नऊ आले. जिन्याच्या वळणावर ती अडकली तेव्हा खालची बिऱ्हाडं अर्धा तास वर आणि वरची खाली जाऊ शकली नाहीत, आणि प्रत्येकाने मला सल्ला दिला. शेवटी हमालांनी दोर लावून तिला खिडकीतून घेतली, त्यासाठी खिडकीची झडप काढावी लागली, ती अजून नीट बसलेली नाही. आत आल्यावर कळलं की सुळक्यांत आणि पंख्याच्या पात्यांत वीतभर अंतर आहे. तुझ्या भावजयीने पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सुताराला निरोप धाडला, करवत घेऊन या.

तो येईपर्यंत मी एक पराक्रम केला. खुर्चीची बैठक मागच्या बिजागरीवर सटकन वर जायची. मला वाटलं, जुनं लाकूड, सैल झालंय. मी हातोडी घेतली आणि चार लांब खिळे मारून बैठक पक्की करून टाकली. स्वतःवर इतका खूश होतो की बाबांनाही बोलावून दाखवलं. बोलावून म्हणजे काय, बाबा समोरच होते, सोफ्यात. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं ते तिथेच असतात हे तुला ठाऊक आहे. उठवायला दोघं लागतात. पण तुला एक सांगितलेलं नाही, ते असं, की गेले काही महिने ते उठवा म्हणतच नव्हते. पाणी हवं असलं तरी आमच्यापैकी कुणी आपणहून येईपर्यंत गप्प बसायचे. ताई, त्याची मला फार धास्ती वाटायची.

सुतार आला, करवत बाजूला ठेवून जमिनीवर उताणा झाला आणि खुर्चीखाली डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला. मग आतूनच त्याने विचारलं, हे खिळे कोणी ठोकले? मी म्हटलं, आधीच्या मालकाने. (बाबांनी खोकून घेतलं.) तो म्हणाला, त्या माणसाला हातोडी देऊ नये. बैठकीच्या खालच्या अंगाला एक जाड, अरुंद फळी होती आणि तिच्याखाली एक गालफुग्या, झोपाळू चेहरा कोरलेला होता, थेट आपल्या थोरल्या काकांसारखा. जिथे कोणी बघणार नाही तिथे एवढं काम कशाला, हे सुताराला कळेना, म्हणून दुकानदाराला फोन लावला. तर म्हणे ही चर्चमधल्या रांगेतली खुर्ची. प्रार्थना तासन् तास उभ्याने चालायची आणि म्हातारे थकायचे. म्हणून बैठक वर करायची आणि या फळीवर नुसतं टेकायचं. लोकांना वाटावं उभे आहेत, आणि गुडघ्यांना वाटावं बसलो आहोत. त्यांच्या भाषेत तिला दयेची फळी म्हणतात. मी त्या दयेला चार खिळे मारले होते.

सुताराने ते हळूच उपसले. करवतीला त्याने हातही लावला नाही, पंखाच वीतभर वर सरकवून दिला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "मला जरा तिथे टेकव." आम्ही टेकवलं. हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर, पाठ कमानीला, पाय जमिनीवर. दुपारभर तसे होते. तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. मी कणिक मळत होतो, तुझी भावजय न्हाणीघरात. हात धुऊन येतो तर दार उघडं, आणि बाबा चौकटीला धरून वरच्या शेजारणीशी बोलतायत. कोणी उठवलं नव्हतं. टेकलेला माणूस उभाच असतो गं, त्याला फक्त निघायचं असतं. मी स्वयंपाकघरात परत आलो, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

असो. भावजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चे. पाठीला जप.

तुझा भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यापासून बाबांनी सहा महिने तुझ्याकडे यायचं ठरलंय. पण खुर्चीशिवाय त्यांचं चालणार नाही आणि खुर्ची काही पुन्हा खिडकीतून निघत नाही, हमालांनी साफ हात वर केलेत. तेव्हा या खेपेला ते इथेच राहू देत.

ता. क. २. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सुताराने दाखवलंय, खुर्ची नुसत्या खुंट्यांवर जोडलेली आहे, तिचे तीन तुकडे होतात आणि ते कुठल्याही दारातून जातात. मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. खरं एवढंच, की बाबा दोन वर्षांनी घरात हिंडायला लागलेत आणि ते बघायला मला इथे हवेत. तू हट्ट धरलास तर पाठवीन.

ता. क. ३.
चि. ताईस अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. आयुष्यभर घड्याळं उघडली, खुर्ची कुठे सुटते ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी ठरल्या तारखेला येतोय. खुर्ची मात्र त्याच्याकडेच राहील, म्हणजे मला परत बोलवायला त्याला कारण शोधत बसायला नको. तुझ्याकडे टेकायला एखादं उंच स्टूल बघून ठेव. हे पत्र टाकायला मी एकटाच खाली आलोय आणि टपालपेटीवर कागद ठेवून लिहितोय. त्याला अजून माहीत नाही. आता वर जायचंय, सतरा पायऱ्या आहेत, सावकाश जाईन.
— बाबा