त्याच्या दोरीवरचा मासा

साट्टुत,
एप्रिल, रविवार

प्रिय मानुमिना,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी काहीच न बोलता फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, म्हातारी रागावली. नुसता राग नव्हता गं तो. योआसने विचारलं, "कुणाचा होता?" मी म्हटलं, "राँग नंबर." तर म्हणतो कसा, "राँग नंबरवाल्याचं एवढा वेळ ऐकून घेत होतीस होय? माझं तर कधी ऐकत नाहीस." तुझा हा होता होता राहिलेला सासरा अजून तसाच आहे. फक्त असं काही बोलून झालं की पूर्वी हसायचा, आता खिडकीकडे बघतो.

तुझ्या बाळासाठी तू माझ्या मुलाचं नाव मागितलंस. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझ्या जिवाचा संताप झाला. दोन हिवाळे तू या घरात त्याच्याबरोबर राहिलीस, मग राजधानीत, नूकला, शिकायला गेलीस, तिथेच ऊलेबरोबर संसार मांडलास. त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण समजलंही होतं. आता मात्र वाटलं, माझा मुलगा गेला आणि उरलेलं नावही ही पोरगी नूकला घेऊन चालली. समुद्राने त्याला परत दिलं नाही, मानुमिना. वर टेकडीवर इतरांच्या मुलांचे पांढरे क्रूस आहेत, माझ्याकडे तेवढंही नाही. नाव होतं, आणि तेही मी कुणासमोर घेत नव्हते. कुणा नव्या जिवाला दिल्याशिवाय गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर आहेच. पण ते देऊन टाकलं की तो गेला हे माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून इथल्या दोन पोरींनी मागितलं तेव्हा त्यांनाही मी नाही म्हटलं होतं.

ते नाव माझ्या वडिलांचं, तुला ठाऊक आहे. ते गेले त्याच आठवड्यात हा जन्मला, म्हणून मी त्याला जन्मभर बाबाच म्हणत आले. माझी आई तर एवढ्याशा पोराला "अहो" म्हणायची. शेंबडं नाक घेऊन तो दारातून आत आला की ती ओरडायची, "अहो, नाक पुसा, चारचौघांत शोभतं का हे?" आणि हा तिला ऐकवायचा, "आधी तू दात लाव, मग बोल." एक गोष्ट मात्र तुला कुणी सांगितली नसेल. बाबांनी हॅलिबट माशाच्या डोक्यातला गालाचा तुकडा स्वतः कधी खाल्ला नाही, तो आईच्या ताटात टाकायचे. हा नीट बसायला लागला होता तेव्हा एकदा ताटात हात घालून त्याने नेमका गालच उचलला आणि आजीच्या ताटात ठेवला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी आई जेवली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आले गं. आता मला काळजी नाही."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत काय झालं ते तुला फोनवर कळलं, पण फोनवर कोण सगळं सांगतं. तो बेटाच्या टोकापलीकडे बर्फाला भोक पाडून गळांची लांब दोरी खाली सोडून आला होता. परत येताना टोकाशी, जिथे प्रवाह खालून बर्फ खातो, तिथे बर्फ फुटून कुत्र्यांची स्लेज आत गेली. कुत्री घरी आली. अंगावरची लव गोठून काचेसारखी झालेली, आणि गळ्यातल्या दोऱ्या सुरीने कापलेल्या. म्हणजे पाण्यात असताना त्याने आधी कुत्री सोडवली. योआस म्हणाला, "माझा मुलगा आहे तो." मी म्हटलं, "मूर्ख आहे तो, आधी स्वतःला सोडवायचं होतं." आम्ही दोघं तेव्हा अजून 'आहे'च म्हणत होतो.

शोधून शोधून माणसं थकली, बर्फ पुन्हा धरला. मग एका सकाळी योआस कुणाला न सांगता टोकाच्या पलीकडे गेला. पोराच्या दोरीची निशाणी अजून उभी होती. एकट्याने रहाट फिरवत त्याने ती सगळी दोरी वर ओढली. त्या खोलातून दोरी वर यायला किती वेळ लागतो तू पाहिलं आहेस. प्रत्येक गळाला आमिष आपल्या पोराने लावलेलं, बोटं फुंकत फुंकत. अर्धे मासे शार्कनी फाडले होते. उरलेले योआसने कारखान्यात विकायला नेले नाहीत. पोराची पहिली शिकार आपण घरोघर वाटतो ना, तसे तो त्याचे मासे घरोघर घेऊन गेला. दार उघडेल त्याच्या हातात मासा द्यायचा, पुढच्या दाराशी जायचं. शेवटचा त्याने माझ्यासमोर आणून ठेवला.

तो मासा मला बघवेना. हॅलिबटचा वरचा डोळा कसा डोक्याच्या अगदी कडेला असतो, तो माझ्याकडे लागलेला. जिथे माझा मुलगा आहे त्या तळावरून हा वर आला, आणि मी त्याला मिठाच्या पाण्यात उकळू? टाकवेना, खाववेना. शेवटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या खोपीतल्या फ्रीजरमध्ये सीलच्या मांसाखाली ठेवून दिला. त्यानंतर मी हॅलिबट तोंडात घातला नाही. दुकानातली आमालिये चेष्टा करायची, "साट्टुतात राहून हॅलिबट नको म्हणे, डेन्मार्कला जा आणि डुक्कर खा." तिला कारण माहीत नव्हतं, असं मी समजत होते.

तुझा फोन झाला त्या रात्री डोळा लागला नाही. सकाळी मी खोपीत गेले आणि मासा बाहेर काढला. योआसने पाहिलं, हातातला कप ठेवला आणि घमेलं पाण्याने भरून आणलं. माशाचा बर्फ सुटायला दुपार झाली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, चरबी जुनी झाली की पडतात तशा. त्या खरवडून काढल्या. डोकं वेगळं केलं, जाड तुकडे पाडले, मोठ्या पातेल्यात मीठ, कांदा, बटाटे घातले. उकळी आली तशी वर तेलाचे थेंब जमू लागले आणि घरभर तो वास सुटला. मी शेगडीला टेकून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि योआसला म्हटलं, "जा, सगळ्यांना जेवायला बोलाव."

लोक आले, जिथे जागा मिळाली तिथे बसले. आमालियेने पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणाली, "बिबियाने, फ्रीजरचा वास येतोय गं." मग माझ्याकडे पाहिलं. चमचा खाली ठेवला. मासा कुठला ते तिला कळलं, आणि एकेक करत खोलीत सगळ्यांना कळलं. मग तिनेच ताट पुढे केलं, "आणखी वाढ." योआसने डोक्यातला गाल काढून माझ्या ताटात ठेवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "जेवण कशाचं आहे हे?" मी म्हटलं, "बारशाचं." "कुणाकडे?" "नूकला. आपल्या मानुमिनाकडे." त्याने मान खाली घातली आणि जेवत राहिला, अश्रू ताटात पडत होते तरी. मी गाल खाल्ला. जुना लागत होता, पण गोड होता.

तर हे पत्र त्यासाठी. फोनवर मला पुन्हा जमलं नसतं. तुझ्या बाळाला नाव दे. सेव्हेरिन. बघ, लिहिलं मी. फोनवर बोलताना मी त्याला बाबा म्हणेन, ऊलेला सांग, हसायचं नाही. तो माझा बाबा म्हणजे तू माझी आजी झालीस, तेव्हा आता मला उलट बोलायचा तुला हक्क आहे. बसायला लागला की त्याच्यासमोर हॅलिबटचं डोकं ठेव आणि गालाचं काय करतो ते मला कळव. काही केलं नाही तरी कळव. आणि एक. आंघोळ घालताना तो अंग आखडून रडला, पाण्याला घाबरला, तर हट्टी म्हणून रागावू नकोस. आधी तुझा हात पाण्यात घाल, त्याला दिसू दे. मग हळूच नावाने हाक मार. फार दिवसांत त्याला कुणी हाक मारलेली नाही.

तुझीच,
बिबियाने