एक्केचाळीस ठिपके

३ फेब्रुवारी
आज रणकाठच्या अॅम्ब्युलन्स चौकीत रुजू झालो. खोली स्वच्छ, पंखा चालू, समोरच मोंघीबेनच्या टपरीवर बाजरीचे रोटले आणि लसणाची चटणी. मेहसाण्यात तीन वर्षं अॅम्ब्युलन्समध्ये बसून गर्दीशी भांडलो; इथे भांडायला माणूसच नाही. नुसतं पांढरं सपाट रण, त्यात मिठागरं आणि मीठ पिकवणारी एक्केचाळीस अगरिया कुटुंबं. ना रस्ता, ना पत्ता. म्हणून तर मला पाठवलंय. प्रत्येक घराला एक बटण द्यायचं आणि त्यांच्या जागेचा ठिपका जीपीएसमध्ये भरायचा. बटण दाबलं की ठिपका लाल होणार आणि गाडी सरळ तिथे. ड्रायव्हर जुसबकाका, दाढीला मेंदी लावलेला म्हातारा. यंत्र बघून म्हणाला, म्हणजे आजवर मी आंधळाच गाडी हाकत होतो म्हणायचं. माणूस खवचट आहे, पण मजेशीर.

७ फेब्रुवारी
सगळे ठिपके भरून झाले. लोक तुसडे. पाणी देतात तेही उपकार केल्यासारखं. पत्ता विचारला की झोपडी दाखवायची सोडून लांब कुठेतरी मिठाच्या छोट्याशा ढिगाजवळ नेऊन उभं करतात, हाच आमचा पत्ता म्हणतात. झोपड्या दरवर्षी हलतात, ढीग हलत नाही. मी वाद घातला नाही. न हलणारी जागा यंत्राला सोयीचीच.
नीट बोलली ती एकटी जीवी. विशीची पोर, दिवस भरत आलेत. पहिलं मूल रणातच गेलं, गाडी वेळेत आली नाही म्हणून. या वेळी येईल ना, असं तिने तीनदा विचारलं. वीस मिनिटांत येईल, असा शब्द मी तिला दिलाय.

११ फेब्रुवारी
खेंगारभाई नावाच्या अगरियाचा हात मिठागरातल्या पंपाच्या पट्ट्यात सापडला. बटण दाबलं गेलं. जुसबकाका डावीकडे वळत होता, मी दटावलं की गाडी ठिपक्यावरच जाईल. ठिपक्यावर ढिगाशिवाय काही नव्हतं. झोपडी सापडेपर्यंत पाऊण तास गेला आणि खेंगारभाई रक्त जाऊन मेला. माझ्यामुळे मेला. त्याचा भाऊ माझ्या पायांजवळ थुंकला.
परतताना जुसबकाकाने सांगितलं. जन्मभर मिठात उभं राहिलेल्याचे पाय चितेवर जळत नाहीत. अंगाची राख होते, पाय उरतात. ते मिठात पुरून वर ढीग रचतात. झोपडी कुठेही जावो, थोरल्याचे पाय जिथे, तो घराचा पत्ता. आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाला, तू यंत्राला विचारत होतास, मला कुठे?

१३ फेब्रुवारी
दोन दिवस फिरून सगळे ठिपके झोपड्यांवर आणले. यंत्रात ठिपका पुसता येत नाही, उचलून दुसरीकडे ठेवता येतो. जीवीचा सगळ्यात आधी आणला. जुसबकाका म्हणाला, पत्ता हलवलास, आता ज्यांचा पत्ता तेही हलतील. विचारून तरी हलवायचास. मी त्याला गप्प बस म्हटलं.

१६ फेब्रुवारी
ढीग फुटलेत. सगळे. प्रत्येकापासून अनवाणी पावलं निघालीत, थेट त्या त्या झोपडीपर्यंत. परतीची नाहीत. कुत्र्यांनी उकरलं असेल, असं मी म्हणालो. बायकांनी मिठाची ढेकळं मारून गाडीची काच फोडली. आमच्या थोरल्यांना मुलांच्या उशाशी आणून ठेवलंस, म्हणाल्या. मला भीती वाटतेय.

१८ फेब्रुवारी, सकाळ
जीवीचं बटण. सोळा मिनिटांत पोचलो. तिच्या खाटेभोवती पावलं — गोल, दाटीने. मूल अडलंय. तिला गाडीत घेतलं, पण गाडी हलेना. मिठाने चाकं धरलीत. आम्ही खणतो तेवढं पुन्हा धरतं. चाकांभोवती पावलं. कोणीच दिसत नाही.

अकरा वाजता
जीवीचा ठिपका माझ्यावर घेतला. आता मी जाईन तिथे ठिपका, आणि ठिपका तिथे तिचे थोरले. यंत्र घेऊन गाडीपासून चालत सुटलो. पाचशे पावलांवर मागे बघितलं, चाकं सुटलेली. जुसबकाकाने गाडी पळवली. मग बाकीचेही घेतले. चाळीस झोपड्या, चाळीस ठिपके — सगळे आता मी उभा आहे तिथे.

दुपार
लख्ख ऊन. क्षितिजापर्यंत कोणी नाही.
पण मीठ चुरचुरतंय. सगळ्या बाजूंनी. सावकाश —

अडीच
जुसबकाकाचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला रडू आलं. न्यायला येतो, ठिपका पाठव, म्हणाला. मी नको म्हणालो. मी गाडीत बसलो तर हे थोरले माझ्यामागून पुन्हा तिच्याच — त्याने शिव्या घातल्या. बेटा म्हणाला, पहिल्यांदाच.
फोन बंद केला.

समोर पावलं. पहिली रांग हातभर अंतरावर. बोटं माझ्याकडे.
थांबलेत. मागचे अजून येतायत.
बूट फुटले. मीठ घोट्याच्या वर — दुखत नाही, नुसतं गार — पाय उचलायला गेलो तर