टिलीने विचारलेली गाडी

प्रिय कॅरिन,

मुलं वाचून झालेली पुस्तकं ज्या पेटीत टाकतात, त्या शाळेच्या दारातल्या पेटीत हे पत्र टाकतो आहे. सोमवारी ती पेटी तू स्वतः उघडतेस, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या हाती पडायची भीती नाही. मंगळवारी पुस्तकं लावायला मी येतोच, समोर बसून सांगता आलं असतं. पण समोर बसलं की तू कॉफी पुढे करतेस, मी बर्फाचं काहीतरी बोलतो आणि सांगायचं राहून जातं. असे तीन मंगळवार गेले.

घरी सगळं ठीक. वाऱ्याने कोठाराच्या पत्र्याचा एक कोपरा उचलला आहे, दिवसभर खडखडतो. परवा तू दिलेला रुबार्बच्या देठांचा केक तीन दिवस पुरवून खाल्ला. तुझ्या आईच्या हातचा थोडा आंबट असायचा. तिच्या फोटोला म्हटलं, पोरगी साखर जास्त घालते बघ.

त्या शनिवारी निकाल आला तेव्हा तू याच टेबलाशी बसली होतीस. एकोणीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळून मग ते वरचं राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायला निघालीस. परीक्षा, मुलांचं काम, वर्ग घेतानाची व्हिडिओ-फीत, आणि आपण काय नि का शिकवलं याचा लेखी जबाब. चारांपैकी तीन भाग पार. फितीत अडकलीस. मी म्हटलं, अगं, एकच भाग पुन्हा द्यायचा आहे, महिनाअखेरपर्यंत नाव नोंदव. तर बशी धुता धुता म्हणालीस, "डॅड, राहू दे. आपल्याच मांडणीवर काय आहे हे जिला माहीत नाही, तिने कसली मोठी ग्रंथपाल व्हायचं?" ते वाक्य मी विसरलेलो नाही.

ती फीत तू मला दाखवली होतीस. पाचवीची मुलं, विषय असा की पुस्तकातली माहिती आजही खरी आहे का, हे कसं पारखायचं. किती छान चाललं होतं! आणि मग ती ओक्विस्टांची टिली मांडणीवरून आपल्या परगण्यावरचं एक निळं पुस्तक काढते आणि विचारते, "मॅडम, यात लिहिलंय रोज दुपारी आपल्या गावात गाडी येते. कधी येते?" मुलं खिदळतात. मागून कोणीतरी म्हणतो, "चल टिली, सामान बांध!" आणि तू पुस्तकाकडे नुसती बघत राहतेस. फीत कापायची नाही असा नियम, त्यामुळे ते पाऊण मिनिट तसंच परीक्षकांकडे गेलं. लेखी जबाबात तर तू लिहिलं होतंस की जुनी पुस्तकं उन्हाळ्यातच एकेक तपासून काढून टाकली.

याच शाळेत, याच खोलीत मी दहा वर्षांचा होतो. तेव्हा इथे हाल्वरसनबाई होत्या. दर शुक्रवारी एक कविता पाठ म्हणायची, नाहीतर फळा पुसायचा. त्या निळ्या पुस्तकाच्या शेवटी कुणा पोस्टमास्तरांच्या बायकोने रचलेली एक कविता आहे:

गव्हामधूनी वाट काढुनी आली गाडी दुपारची,
एक शिटी ही आपुल्यासाठी, एक नदीच्या पारची.

माझ्या पुढच्या बाकावर तुझी आई, आर्डिस, बसायची. ती एखादं पुस्तक परत करी आणि दुसऱ्या दिवशी मी ते घेई. त्या निळ्या पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर अजून आहे बघ, निळ्या शाईत तिचं नाव, खाली माझं. पुन्हा तिचं, पुन्हा माझं. चार वेळा. लग्नानंतर तिने विचारलं होतं, "तुला परगण्याचा इतिहास एवढा आवडायचा का रे?"

कॅरिन, तुझं काहीच चुकलं नव्हतं. ते पुस्तक तू तपासलं होतंस, 'रद्द' असा शिक्का मारून खोक्यात टाकलं होतंस. सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी तू जेवायला गेलीस, आणि मी ते काढून पूर्वीच्या जागी लावलं. घरी नेता आलं असतं, तू हसून नेऊ दिलं असतंस. पण घरी ते आठवण म्हणून पडून राहिलं असतं. मांडणीवर ते अजून पुस्तक होतं, कोणीतरी हात घालेल असं. हात घातला टिलीनेच, आणि तोही कॅमेऱ्यासमोर. तुझं ते पाऊण मिनिट माझं आहे. निकाल लागला त्या दिवशीच हे सांगायला हवं होतं. म्हातारा घाबरला.

आणखी एक. फितीच्या दुसऱ्या दिवशी मी ते गुपचूप पुन्हा खोक्यात टाकत होतो, तेवढ्यात टिली येऊन मला म्हणाली, "आजोबा, हे मी नेऊ का?" संगणक म्हणाला, असं पुस्तकच नाही. मग मी तिला कार्डावर सही करायला लावली. आमच्या आठ नावांखाली आता नववं आहे. मे महिन्यात तिने ते माझ्या हातात परत दिलं, तेव्हा खिशात वहीचा अर्धा कागद होता. तुला दाखवला असता तर माझी चोरी उघडी पडली असती, म्हणून इतके महिने माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. तो आणि ते पुस्तक या पत्रासोबत आहेत. रागाव, मंगळवारी कॉफी देऊ नकोस, पण नाव नोंदव. नवी फीत घे. मी त्या दिवशी इमारतीत पाऊलही टाकणार नाही, शब्द देतो. फक्त नोंदवण्याआधी टिलीचा कागद वाच. तिने आजीला विचारलं, वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन जुने अंक पाहिले, आणि लिहिलं: "गाडी १९६८ साली बंद झाली. पुस्तक खोटं नाही, जुनं आहे. दोन्हींत फरक असतो आणि तो शोधून काढायचा असतो, असं आमच्या मॅडमनी शिकवलं."

तुझाच, आणि या वेळी तुझा गुन्हेगारही,
डॅड